अतिवंगणता

अतिवंगणता किंवा सुपरलुब्रिसिटी म्हणजे एकमेकांवर सरकणाऱ्या दोन घन पृष्ठभागांमधील घर्षण जवळजवळ नाहीसे होण्याची अवस्था होय. घर्षणबल आणि पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणारा भार यांच्या गुणोत्तरास घर्षणांक म्हणतात. हा अंक ०.०१ पेक्षा कमी असल्यास ती अवस्था अतिवंगणतेची मानण्याचा संकेत आहे. तुलनेसाठी, कोरड्या पोलादावर पोलाद घासताना घर्षणांक साधारण ०.५ ते ०.८ असतो, तर अतिशय गुळगुळीत समजल्या जाणाऱ्या टेफ्लॉनसाठी तो ०.०४ च्या आसपास असतो. प्रारंभी ही अवस्था केवळ काही नॅनोमीटर आकाराच्या संपर्कांत आढळली. ती डोळ्यांना दिसणाऱ्या मापावर आणण्याच्या प्रयत्नांमध्ये पुणे विद्यापीठात शिक्षण झालेले अनिरुद्ध सुमंत यांच्या अमेरिकेतील गटाचे २०१५ मधील संशोधन महत्त्वाचे मानले जाते.

नाव आणि व्याख्या

सुपरलुब्रिसिटी ही संज्ञा १९९० च्या दशकाच्या आरंभी मोतोहिसा हिरानो आणि काझुमासा शिंजो या जपानी शास्त्रज्ञांनी रूढ केली. अतिसंवाहकता व अतिप्रवाहिता या शब्दांशी तिचे साम्य उघड आहे. परंतु ते साम्य फसवे आहे. अतिसंवाहकात विद्युतरोध खरोखर शून्य होतो. अतिवंगणतेत घर्षण शून्य होत नाही. पृष्ठभाग एकमेकांत अडकून बसल्यामुळे होणारा विरोध तेवढा नाहीसा होतो. सरकताना अणूंची कंपने जागी होतात व त्यांतून थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जातेच. फरक असा की नेहमीचे कोरडे घर्षण वेगावर फारसे अवलंबून नसते, तर हे उरलेले घर्षण सिद्धान्तानुसार वेगाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच अत्यंत सावकाश ओढल्यास ते हवे तेवढे कमी करता येते. द्रवातून जाणाऱ्या वस्तूला होणाऱ्या विरोधाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

०.०१ ही मर्यादाही सोयीपुरती आहे. अतिसूक्ष्म मापावर दोन पृष्ठभागांमधील आसंजन इतके प्रभावी असते की बाहेरून काहीही भार न देताही ते एकमेकांना धरून राहतात. अशा वेळी घर्षणबल भागिले भार या गुणोत्तराला नीट अर्थ उरत नाही. म्हणून काही संशोधक घर्षणांकाऐवजी अवस्थेच्या कारणावरून व्याख्या करतात. अणुरचनांचा मेळ न बसल्यामुळे येणाऱ्या प्रकाराला ते ‘संरचनात्मक अतिवंगणता’ असे वेगळे नाव देतात. या लेखात मुख्यतः त्याच प्रकाराचे विवेचन आहे.

नेहमीचे घर्षण आणि वंगण

घर्षणबल भाराच्या प्रमाणात असते आणि वरवर दिसणाऱ्या स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, हे नियम फ्रेंच अभियंता गीयोम आमोंताँ याने १६९९ मध्ये मांडले. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत ते त्याआधी दोनशे वर्षे आढळतात. शार्ल कुलोम याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांत भर घातली. या नियमांचे समाधानकारक स्पष्टीकरण मात्र विसाव्या शतकात मिळाले. केंब्रिजचे फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी दाखवून दिले की डोळ्यांना सपाट दिसणारे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर डोंगराळ असतात आणि ते केवळ उंचवट्यांच्या टोकांवरच एकमेकांना टेकतात. भार वाढला की ही टोके चेपतात, खरे स्पर्शक्षेत्र वाढते आणि त्या प्रमाणात घर्षण वाढते.

हे घर्षण कमी करण्याचा जुना उपाय म्हणजे दोन पृष्ठभागांना एकमेकांपासून दूर ठेवणे. बैलगाडीच्या आसाला एरंडेल तेलाचे वंगण घालण्याच्या रीतीमागे हेच तत्त्व आहे आणि आधुनिक यंत्रांतही तेच वापरले जाते. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्रासारख्या केंद्रांत वाफेच्या टर्बाइनचा शाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेतो. एवढ्या वेगाने फिरताना तो बेअरिंगच्या धातूला टेकत नाही. त्याच्या स्वतःच्या फिरण्यामुळेच तेल खाली ओढले जाऊन मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याजोगा थर तयार होतो व टनावारी वजनाचा शाफ्ट त्या थरावर तरंगतो. मात्र हा थर वेगावर जगतो. यंत्र सुरू होताना किंवा थांबताना वेग कमी असतो, थर टिकत नाही, आणि म्हणूनच मोठ्या टर्बाइनमध्ये सुरुवातीला उच्च दाबाने तेल सोडून शाफ्ट उचलून धरावा लागतो. त्याच जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची अडचण वेगळी आहे. त्यांचे पाते सावकाश फिरते, वाऱ्याचे झटके अनियमित असतात, आणि गिअरच्या दात्यांमधला तेलाचा थर वेळोवेळी अपुरा पडून झीज होते.

तेलाला आणखी एक मर्यादा आहे, ती आकाराची. केसाहून बारीक भाग असलेल्या सूक्ष्म यंत्रात तेल घातल्यास त्याची श्यानता आणि पृष्ठताण हेच त्या भागांना जखडून टाकतात. अवकाशात तेल उडून जाते. अति थंडीत ते गोठते. अशा ठिकाणी घन वंगणे वापरतात. ग्रॅफाइट व मॉलिब्डेनम डायसल्फाइड ही त्यांतील प्रमुख होत. दोन्हींची रचना पदरी असते. एका पदरातील अणू एकमेकांशी घट्ट बांधलेले, पण पदरापदरांमधील बंध दुबळे, त्यामुळे पदर एकमेकांवरून सहज घसरतात. पेन्सिल कागदावर उमटते ती यामुळेच. कॅरमच्या पटावर टाकली जाणारी बोरिक पावडर हेही पदरी रचनेच्या घन वंगणाचे घरोघरी परिचित असलेले उदाहरण आहे.

कारणमीमांसा

पदरी पदार्थ घसरतात हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण पदरांमधील बंध दुबळे असणे एवढेच कारण अतिवंगणतेसाठी पुरेसे नाही. खरे कारण अणूंच्या मांडणीत आहे. दोन पन्हाळी पत्रे एकावर एक ठेवले आणि त्यांच्या पन्हाळी एकाच दिशेत असल्या, तर वरचा पत्रा खालच्यात बसतो. त्याला आडवे सरकवायचे तर प्रत्येक पन्हाळीवरून उचलून न्यावे लागते. वरचा पत्रा थोडा फिरवून तिरपा ठेवला तर तो खालच्यात बसूच शकत नाही. तो काही ठिकाणी उंचवट्यावर, काही ठिकाणी खोलगटावर राहतो आणि कोणत्याही दिशेला ढकलला तरी एकूण परिस्थिती फारशी बदलत नाही.

स्फटिकांच्या पृष्ठभागावरील अणूंची रांग ही अशीच पन्हाळी असते, फक्त तिचे अंतर नॅनोमीटरच्या काही दशांशाचे असते. ग्रॅफाइटच्या पदरात षटकोनी जाळीची पुनरावृत्ती दर ०.२४६ नॅनोमीटरला होते. दोन पदरांच्या जाळ्या एकाच दिशेत असल्या तर वरच्या पदरातील सर्व अणू एकाच वेळी चढ चढतात आणि एकाच वेळी उतार उतरतात. प्रत्येक अणूला लागणाऱ्या बलाची बेरीज होते व पदर अडकतो. याला सुसंगत संपर्क म्हणतात. वरचा पदर काही अंशांनी फिरवला की काही अणू चढावर तर काही उतारावर असतात. चढावरचे अणू मागे ओढतात, उतारावरचे पुढे ढकलतात, आणि ही बले एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. हा विसंगत संपर्क होय. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंना सारखेच बळ असावे तसे येथे होते: प्रत्येक अणूवर बल आहेच, पण त्यांची बेरीज शून्याच्या जवळ येते.

या खोडण्याचा परिणाम आकारानुसार कसा वाढतो हे महत्त्वाचे आहे. सुसंगत संपर्कात अणूंची संख्या दहा हजार पट झाली तर घर्षणबलही दहा हजार पट होते. एक पृष्ठभाग अस्फटिकी, म्हणजे अणूंची मांडणी बेशिस्त असलेला असेल, तर सिद्धान्तानुसार बल अणुसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते; दहा हजार पट अणूंसाठी ते केवळ शंभर पट होते. दोन नीटस, पण परस्परांशी मेळ नसलेल्या स्फटिकांमध्ये ते याहूनही कमी, काही बाबतींत आकाराबरोबर न वाढणारे असते. आमोंताँच्या नियमांच्या चौकटीत न बसणारी ही गोष्ट आहे, आणि अतिवंगणतेवर एवढे लक्ष केंद्रित होण्याचे कारणही तेच आहे.

एक अट मात्र आवश्यक आहे. पृष्ठभागांमधील ओढीच्या मानाने पदार्थ स्वतः पुरेसा ताठ असला पाहिजे. तो मऊ असेल तर त्याचे अणू आपापल्या जागेवरून सरकून जवळच्या खोलगटात जाऊन बसतात आणि विसंगत संपर्कही अडकतो. अणूंची साखळी आणि तिच्याखालील लाटांसारखा पृष्ठभाग यांचे हे गणित याकोव्ह फ्रेंकेल व तात्याना कोंतोरोवा यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीतून येते. ताठपणाच्या एका विशिष्ट मर्यादेपलीकडे साखळी मुक्तपणे सरकू लागते, हे फ्रेंच भौतिकीविद सर्ज ओब्री यांनी दाखवले. या स्थित्यंतराला त्यांचेच नाव आहे. ग्रॅफाइटचा पदर आपल्या प्रतलात अत्यंत ताठ आणि शेजारच्या पदराशी दुबळ्या बंधाने जोडलेला असल्यामुळे तो ही अट सहज पूर्ण करतो.

सिद्धान्ताकडून प्रयोगाकडे

एकट्या अणूचे घर्षण कसे असेल याचा विचार लुडविग प्रांटल याने १९२८ मध्ये आणि जी. ए. टॉमलिन्सन याने १९२९ मध्ये केला होता. स्प्रिंगला जोडलेला अणू लाटांसारख्या पृष्ठभागावरून ओढला तर तो एका खोलगटात अडकतो, स्प्रिंग ताणली जाते, आणि मर्यादा ओलांडताच तो पुढच्या खोलगटात झटक्याने जाऊन पडतो. साठवलेली ऊर्जा त्या झटक्यात कंपनांच्या रूपाने विखुरते. घर्षणाने होणाऱ्या उष्णतेचे मूळ या अडकण्या-निसटण्यात आहे.

हे चित्र प्रत्यक्ष तपासता येण्यासाठी साठ वर्षे जावी लागली. १९८६ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाचा शोध लागला. त्यात अतिशय अणकुचीदार टोक एका लवचीक पट्टीवर बसवून पृष्ठभागावरून फिरवतात व पट्टीच्या वाकण्यावरून बल मोजतात. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत मॅथ्यू मेट व सहकाऱ्यांनी टंगस्टनचे टोक ग्रॅफाइटवर ओढले, तेव्हा घर्षणबलात ग्रॅफाइटच्या अणुजाळीच्याच अंतराने येणारे चढउतार दिसले. एकेका अणूच्या पातळीवरील घर्षण प्रथमच मोजले गेले होते.

हिरानो आणि शिंजो यांनी १९९० मध्ये सैद्धान्तिक गणनेतून असे दाखवले की स्वच्छ, विसंगत पृष्ठभागांमध्ये घर्षण नाहीसे होणे शक्य आहे. १९९१ मध्ये त्यांच्या गटाने अभ्रकाचे ताजे सोललेले पापुद्रे एकमेकांवर ठेवून घर्षण मोजले. पापुद्रे फिरवून जाळ्यांमधील कोन बदलला की घर्षणही बदलत होते, आणि मेळ बसणाऱ्या कोनांना ते वाढत होते. अभ्रकाची निवड सहज समजण्याजोगी आहे: नखाने सोलला तरी मोठ्या क्षेत्रावर अणुपातळीपर्यंत सपाट निघणारे पदार्थ निसर्गात थोडेच आहेत. फ्रान्समध्ये लियाँ येथे जाँ-मिशेल मार्तँ व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर अतिउच्च निर्वातात घासून ०.००१ च्या पातळीवरील घर्षणांक नोंदवला. घासण्याने थरातील कण सपाट होतात, पण एकमेकांच्या तुलनेत वेगवेगळ्या कोनांत फिरलेले राहतात, असे त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले.

शंकेला जागा न ठेवणारा प्रयोग नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात झाला. मार्टिन डीनविबेल, योस्ट फ्रेंकेन आणि सहकाऱ्यांनी पिकोन्यूटनच्या पातळीवरील बल तिन्ही दिशांत मोजू शकणारे घर्षणबल सूक्ष्मदर्शक स्वतः बांधले. (एक पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा दहा खर्वावा नव्हे, तर एक लाख कोटीवा भाग.) टंगस्टनच्या टोकाला ग्रॅफाइटचा एक लहानसा कण चिकटला होता व तो ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर सरकत होता. नमुना थोडा थोडा फिरवत त्यांनी मोजमापे घेतली. दर ६० अंशांना घर्षण एकदम वाढे आणि मधल्या सर्व कोनांना ते मोजमापाच्या मर्यादेपर्यंत खाली जाई. षटकोनी जाळी ६० अंशांनी फिरवली की पुन्हा स्वतःवर बसते, म्हणून हा आकडा अपेक्षितच होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे ग्रॅफाइटच्या बुळबुळीतपणाचे मूळ विसंगत संपर्कात आहे हे सिद्ध झाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाच्या गटाने वेगळ्या मार्गाने तीच अवस्था गाठली: मिठाच्या स्फटिकावर टोकाचा भार कमी करत नेला असता एका मर्यादेखाली अडकणे-निसटणे थांबून टोक सलग सरकू लागले.

मोठ्या मापावरील अडचणी

शंभरेक अणूंचा कण घर्षणाविना सरकतो, मग हाताच्या आकाराची वस्तू का सरकू नये? हा प्रश्न साधा दिसतो, परंतु पुढील सारे संशोधन त्याभोवतीच फिरते.

पहिली अडचण कोनाची आहे. विसंगत स्थितीतील कण ऊर्जेच्या दृष्टीने समाधानी नसतो. सरकता सरकता तो किंचित वळतो, मेळ बसणाऱ्या कोनापाशी येतो आणि तेथेच अडकून राहतो. अशा प्रकारे अतिवंगणता आपोआप नष्ट होते, हे लायडनच्या गटाने पुढील कामात दाखवले. दुसरी अडचण लवचीकतेची. छोटा कण ताठ असतो. पण पुरेशा मोठ्या पदरात एक भाग दुसऱ्यापासून स्वतंत्रपणे थोडा ताणला वा आखडला जाऊ शकतो, त्यामुळे जागोजागी मेळ बसून पदर टप्प्याटप्प्याने अडकतो. तिसरी अडचण कडांची. पदराच्या आतील अणूंची बले एकमेकांना खोडतात, कडेवरच्या अणूंना मात्र जोडीदार नसतो, आणि त्यांचे रिकामे बंध हवेतील रेणूंना पकडतात.

चौथी अडचण सर्वांत सामान्य, म्हणूनच सर्वांत चिवट आहे: हवा. उघड्यावरच्या प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचे आणि कार्बनी संयुगांचे रेणू बसलेले असतात. दोन विसंगत स्फटिकांच्या मध्ये असे सैल रेणू आले की ते दोन्ही बाजूंच्या खोलगटांत एकाच वेळी जाऊन बसतात व पाचरीसारखे काम करतात. मार्टिन म्यूझर, गांग हे आणि मार्क रॉबिन्स यांनी १९९९ मध्ये असे दाखवले की रोजच्या व्यवहारातील स्थितिक घर्षणाचे स्पष्टीकरण अशा शोषित थरांतून मिळते. थोडक्यात, अतिवंगणता हा अपवाद का आहे, याचे उत्तर पृष्ठभागात नसून त्यांच्यामधल्या घाणीत आहे.

ओलाव्याचा प्रश्न एकाच दिशेने जात नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. ग्रॅफाइटच्या नेहमीच्या वंगणक्रियेला थोडी आर्द्रता लागते. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांतील जनित्रांचे कार्बनचे ब्रश विरळ, कोरड्या हवेत झपाट्याने झिजू लागले, तेव्हा ही बाब अभियंत्यांच्या लक्षात आली. पाण्याची वाफ पदरांच्या कडांवरील रिकामे बंध झाकते. ती नसेल तर कडा एकमेकींना चिकटतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे वागणे नेमके उलट आहे. ते निर्वातात उत्तम आणि दमट हवेत वाईट. त्यामुळे कृत्रिम उपग्रहांच्या यंत्रणांत ते वापरले जाते, पण पावसाळ्यातल्या उघड्या यंत्राला त्याचा तितका भरवसा नाही.

यांपैकी काही अडचणींवर चीनमधील छिंगह्वा विद्यापीठात मार्ग निघाला. छ्वानश्वी झंग आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या ठोकळ्यातून काही मायक्रोमीटर बाजूचे चौकोनी चौथरे कोरून काढले. चौथऱ्याचा वरचा भाग सूक्ष्म सुईने बाजूला ढकलून सोडला की तो आपोआप मागे येऊन मूळ जागी बसे. उघडे पडलेले पृष्ठभाग पुन्हा झाकले जाण्याची ओढ त्याला मागे खेचत होती, आणि ती खेच पुरेशी ठरत होती याचा अर्थ घर्षण अत्यल्प होते. विशिष्ट कोनांना मात्र, दर ६० अंशांनी, तो जागच्या जागी अडकत असे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे वैशिष्ट्य म्हणजे तो साध्या हवेत झाला होता: सरकणाऱ्या पदरांमधील पृष्ठभाग ठोकळ्याच्या आत असल्यामुळे हवा तेथे कधी पोहोचलीच नव्हती.

कोनाच्या अडचणीवर २०१८ मध्ये आणखी एक उपाय पुढे आला. ग्रॅफाइट आणि षटकोनी बोरॉन नायट्राइड यांच्या जाळ्या एकाच आकाराच्या, पण अंतरात सुमारे १.८ टक्क्यांचा फरक असलेल्या आहेत. त्यामुळे त्या कोणत्याही कोनात ठेवल्या तरी पूर्ण मेळ बसत नाही. अशा जोडीत कण वळला तरी एकसारख्या जाळ्यांप्रमाणे अडकत नाही.

आरगॉन प्रयोगशाळेतील संशोधन

वरील सर्व प्रयत्न एकच संपर्क मोठा करत नेण्याचे होते. अमेरिकेत शिकागोजवळील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने दुसरी वाट धरली: एक मोठा संपर्क करण्याऐवजी असंख्य लहान संपर्क करायचे आणि प्रत्येकाने आपापली अतिवंगणता राखायची.

या गटाचे प्रमुख अनिरुद्ध सुमंत यांनी पुणे विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक विज्ञानात पीएच.डी. केली. आरगॉनमध्ये त्यांचे काम कृत्रिम हिऱ्याचे पातळ थर आणि ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा सुटा एक पदर, या विषयांवर आहे. त्या काळी याच प्रयोगशाळेत असलेले अली एर्देमिर हे घन वंगणांचे जाणकार. बोरिक आम्लाच्या वंगणगुणांवरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध आहे. हायड्रोजनयुक्त, हिऱ्यासारख्या कार्बनच्या थराने कोरड्या वायूत ०.००१ च्या पातळीचा घर्षणांक मिळतो, हे त्यांनी १९९० च्या दशकात दाखवले होते. पोलादावर ग्राफीनचे थोडे तुकडे पसरले तरी झीज मोठ्या प्रमाणात घटते, हे डायना बर्मन, एर्देमिर आणि सुमंत यांनी २०१३ च्या सुमारास दाखवले. घर्षण कमी झाले होते, पण अतिवंगणतेची पातळी अजून गाठली नव्हती.

पुढच्या टप्प्यात त्यांनी सिलिकॉन डायऑक्साइडच्या सपाट पृष्ठभागावर ग्राफीनचे तुकडे आणि त्यांच्याबरोबर काही नॅनोमीटर व्यासाचे हिऱ्याचे कण ठेवले. त्यावर हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप दिलेली गोळी कोरड्या नायट्रोजन वायूत घासली. थोड्या वेळाने घर्षणांक ०.००४ च्या आसपास स्थिरावला. घासलेल्या पट्ट्यातील कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता ग्राफीनचे तुकडे हिऱ्याच्या कणांभोवती चटईसारखे गुंडाळले गेल्याचे दिसले. या गुंडाळ्यांमुळे दोन गोष्टी एकाच वेळी साधल्या. पृष्ठभाग एकमेकांपासून उचलले जाऊन खरे स्पर्शक्षेत्र पुष्कळ घटले. आणि गुंडाळीच्या बाहेरील ग्राफीनची जाळी शिस्तबद्ध, तर समोरच्या कार्बनच्या लेपाची मांडणी अस्फटिकी असल्याने त्यांचा मेळ कोणत्याही कोनात बसणे शक्य नव्हते.

गुंडाळ्या कशा तयार होतात हे प्रयोगात प्रत्यक्ष पाहता येत नव्हते. ते काम संगणकावरील रेणवीय गतिकीच्या अनुकरणाने झाले. संकेत देशमुख आणि सुब्रमणियन शंकरनारायणन यांनी त्यासाठी प्रयोगशाळेचा ‘मिरा’ हा महासंगणक वापरला. प्रत्येक अणूवरील बल क्षणोक्षणी मोजून त्याची पुढची जागा ठरवणारी ही गणना असते. तीत असे दिसले की हिऱ्याचा कण ग्राफीनच्या तुकड्याच्या कडेवरील रिकाम्या बंधांना पकडतो आणि सरकण्याच्या ओघात तुकडा त्याच्याभोवती गुंडाळला जातो. दमट हवेत हे घडत नाही. पाण्याच्या रेणूंचा थर ग्राफीनला पृष्ठभागाशी धरून ठेवतो, गुंडाळी बनत नाही आणि घर्षण नेहमीच्या पातळीवर राहते. प्रयोगातही दमट हवेत तसेच आढळले होते. हे निष्कर्ष जून २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

वृत्तपत्रांनी तेव्हा घर्षणाचा प्रश्न सुटल्यासारख्या बातम्या दिल्या. त्या अतिरंजित होत्या. प्रयोग कोरड्या वायूतला आहे, आणि ही अट बहुतेक यंत्रांना पाळता येत नाही. तरीही मिलिमीटर आकाराच्या गोळीला, साध्या तापमानाला, द्रव तेलाविना अतिवंगणता मिळू शकते हे त्याने दाखवले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मिळवण्यासाठी अखंड, निर्दोष स्फटिक लागत नाही हे दाखवले. २०१८ मध्ये याच गटाने ग्राफीनऐवजी मॉलिब्डेनम डायसल्फाइड वापरले. त्या वेळी हिऱ्याच्या कणांचेच रूपांतर कांद्यासारख्या, पापुद्र्यावर पापुद्रा असलेल्या कार्बनच्या गोळ्यांत झाले आणि त्यांनी तीच कामगिरी केली. घासण्यातून होणारी रासायनिक क्रिया, जी एरवी झिजेला कारण ठरते, तीच येथे वंगण तयार करते.

द्रव अतिवंगणता

०.०१ पेक्षा कमी घर्षणांक द्रवांच्या साहाय्यानेही मिळतो. मात्र त्याची यंत्रणा निराळी आहे. इस्राएलमधील जेकब क्लाइन यांनी दाखवले की विद्युतभारित कणांभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरले जातात, पण ते आपसांत जागा बदलण्यास मोकळे राहतात. त्यामुळे मोठा भार सोसूनही थर प्रवाही राहतो. मनुष्याच्या गुडघ्यातील आणि खुब्यातील कूर्चा याच तत्त्वाचा उपयोग करते. निरोगी सांध्यातील घर्षणांक ०.००१ ते ०.०१ इतका अल्प असतो व तो अनेक दशके टिकतो, तेही सतत ओल्या अवस्थेत. कोरड्या वायूत अडकलेल्या घन अतिवंगणतेशी याची तुलना केल्यास निसर्गाने निवडलेला मार्ग वेगळा होता हे स्पष्ट दिसते.

उपयोग आणि मर्यादा

घर्षणाचा खर्च किती मोठा आहे याचा एक अंदाज केनेथ होल्मबर्ग आणि एर्देमिर यांनी २०१७ मध्ये मांडला. त्यानुसार जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के ऊर्जा घर्षण व झीज यांत जाते: जवळपास २० टक्के घर्षणावर मात करण्यात आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवण्यात. या आकड्यामुळे अतिवंगणतेकडे ऊर्जाबचतीचे साधन म्हणून पाहिले जाते. मोटारींची इंजिने किंवा पवनचक्क्यांचे गिअर यांच्यापर्यंत ती पोहोचायची असल्यास दमट हवा, धूळ, झटके आणि वर्षानुवर्षांची झीज या सर्वांना तिने तोंड दिले पाहिजे. आजवरच्या प्रयोगांत हे साधलेले नाही. बंदिस्त जागेत कोरडा वायू भरता येतो अशा ठिकाणी, उदाहरणार्थ काही सील आणि बेअरिंग यांत, तिचा उपयोग आधी होण्याचा संभव आहे.

सर्वांत जवळचे क्षेत्र सूक्ष्म यंत्रांचे आहे. सिलिकॉनवर कोरलेले मायक्रोमीटर आकाराचे चाक किंवा गिअर बनवणे शक्य झाले, त्याला आता बराच काळ लोटला. पण एकमेकांवर सतत घासणारे भाग असलेली यंत्रे बाजारात फारशी आली नाहीत. मोबाइलमधील हालचाल ओळखणारे संवेदक हेही सूक्ष्म यंत्रच, परंतु त्यांतील भाग वाकतात वा थरथरतात, घासत नाहीत. याचे कारण असे की आकार दहा पट लहान केला तर वजन हजार पट घटते आणि पृष्ठभाग मात्र शंभर पटच. त्यामुळे लहान यंत्रात वजनापेक्षा पृष्ठभागांची चिकटण्याची ओढ वरचढ होते, भाग जखडतात किंवा थोड्या फेऱ्यांत झिजतात. चौथऱ्यासारखे ग्रॅफाइटचे सरकते तुकडे या जागी बसवून विद्युतजनित्र, स्विच आणि संवेदक तयार करण्याचे प्रयोग चालू आहेत. काही मायक्रोमीटर हे माप तेथे अपुरे नसून नेमके आवश्यक तेवढे आहे.